नरवानर गणात फेरोमोन ओळखणारे इंद्रिय का लोपले?

विचारलेला प्रश्न तीन पदरी आहे. माणूस आणि त्याच्या जवळच्या नातलग प्राण्यांनी फेरोमोन ओळखण्याची क्षमता केव्हा व कशी गमावली? लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग दिसू लागल्यामुळे ती निरुपयोगी ठरली, हे वारंवार वाचायला मिळणारे स्पष्टीकरण कितपत खरे आहे? आणि तसे असेल, तर माणसाच्या फेरोमोनविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांना काही आधार उरतो का? सस्तन प्राण्यांच्या संवेदी जनुकांची तुलना करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की पहिल्या पदराचे उत्तर बऱ्यापैकी पक्के आहे, दुसऱ्याचे उत्तर लोकांना वाटते तेवढे पक्के नाही, आणि तिसऱ्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे.

आधी शब्दाविषयी. ‘फेरोमोन’ ही संज्ञा पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी १९५९ मध्ये सुचवली. एका प्राण्याने शरीराबाहेर सोडलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठरावीक वर्तन किंवा शारीरिक बदल घडवून आणणारा पदार्थ, असा तिचा अर्थ आहे. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनान्ट यांच्या गटाने रेशीमकिड्याच्या मादीपतंगातून बॉम्बिकॉल हे पहिले फेरोमोन वेगळे केले. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंगांच्या ग्रंथी वापराव्या लागल्या होत्या. मराठीत फेरोमोनसाठी ‘कामगंध’ हा शब्द रूढ झाला आहे. कीटकांच्या सापळ्यांपुरता तो ठीक असला, तरी सस्तन प्राण्यांच्या बाबतीत तो दिशाभूल करतो, कारण पिल्लाला स्तनाग्र शोधायला लावणारा किंवा नराला प्रतिस्पर्ध्यावर चालून जायला लावणारा पदार्थही फेरोमोनच असतो. शिवाय असा पदार्थ ‘गंध’ म्हणून जाणवलाच पाहिजे असेही नाही.

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या नाकात रसायने टिपणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक म्हणजे नाकाच्या वरच्या भागातील मुख्य घ्राणपटल, ज्याच्या आधारे आपण फुलाचा किंवा धुराचा वास घेतो. दुसरी म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्याच्या तळाशी, दोन्ही बाजूंना असलेली बारीक नळीसारखी जोडी. डेन्मार्कचे शल्यविशारद लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला जेकबसनचे इंद्रिय किंवा व्होमेरोनेझल इंद्रिय म्हणतात. बोकड किंवा घोडा मादीचे मूत्र हुंगल्यावर मान उंचावून वरचा ओठ मागे दुमडतो, तेव्हा तो त्यातील रेणू या नळीकडे पोहोचवत असतो. या इंद्रियाच्या चेतापेशींचे तंतू मेंदूतील मुख्य घ्राणकंदाकडे जात नाहीत. ते ‘साहाय्यक घ्राणकंद’ नावाच्या वेगळ्या भागात पोहोचतात आणि तिथून संदेश भावना, प्रजनन आणि आक्रमकता यांच्याशी निगडित केंद्रांकडे बऱ्याच थेट मार्गाने जातात.

या चेतापेशींच्या पृष्ठभागावर व्ही१आर आणि व्ही२आर या दोन कुटुंबांतील ग्राही प्रथिने असतात. पहिले कुटुंब कॅथरीन ड्यूलाक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९५ मध्ये शोधले आणि दुसरे १९९७ मध्ये सापडले. ग्राहीला रेणू चिकटला की पेशीच्या आवरणातील एक आयन वाहिनी, म्हणजे विद्युतभारित कणांना आत येऊ देणारी वाट, उघडते आणि विद्युत संदेश निर्माण होतो. ती वाहिनी टीआरपीसी२ या जनुकापासून बनते. ग्राही शेकडो प्रकारचे असले तरी संदेश उमटवण्याच्या कामी प्रामुख्याने हीच एक वाहिनी येते. त्यामुळे एखाद्या प्राण्यात हे एकच जनुक मोडलेले आढळले, तर त्याचे जेकबसन इंद्रिय निकामी असल्याचा तो अतिशय सबळ पुरावा ठरतो.

हे जनुक नसले तर काय होते, ते २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. टीआरपीसी२ काढून टाकलेले नर समागम करू शकत होते, परंतु घुसखोर नरावर हल्ला करत नव्हते आणि नर-मादी असा भेद न करता दोघांशीही समागमाचा प्रयत्न करत होते. येथे एक खबरदारी मला आवश्यक वाटते. हे जनुक उंदराच्या मुख्य घ्राणपटलातील काही मोजक्या पेशींतही कार्यरत असते, हे पुढे लक्षात आले. त्यामुळे जनुक काढणे आणि इंद्रिय काढणे या दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत, आणि या उंदरांच्या वर्तनातील प्रत्येक बदल जेकबसन इंद्रियाच्याच नावे लिहिता येत नाही.

आता नरवानर गणाकडे, म्हणजेच प्राइमेट्सकडे, वळू. या गणात दोन मोठे गट आहेत. लेमूर, लोरिस आणि गालागो हे ओलसर नाकाचे गटवासी, तर टार्सियर, माकडे, कपी आणि मानव हे कोरड्या नाकाचे. ओलसर नाकाच्या गटात जेकबसन इंद्रिय उत्तम स्थितीत असते. माऊस लेमूर हा मुठीत मावणारा निशाचर प्राणी आहे आणि त्याच्या जीनोममध्ये व्ही१आरची दोनशेहून अधिक शाबूत जनुके आहेत, म्हणजे जवळजवळ उंदराच्या तोडीची. वलयांकित शेपटीच्या लेमूरचे नर तर मनगटाजवळच्या ग्रंथींचा स्राव शेपटीला चोळून ती प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने हलवतात आणि अशा ‘गंधयुद्धां’तून एकमेकांना मागे हटवतात. तेव्हा ‘प्राइमेट्सनी फेरोमोन-संवेदना गमावली’ हे सरसकट विधानच चुकीचे आहे. टार्सियरमध्ये हे इंद्रिय आहे, आणि मार्मोसेट, टॅमरिन यांसारख्या अमेरिकेतील माकडांतही ते कार्यरत आहे. ते गेले आहे केवळ एका शाखेत. आफ्रिका व आशियातील माकडे, गिबनपासून गोरिलापर्यंतचे सर्व कपी आणि आपण मिळून ही शाखा बनते. शास्त्रीय परिभाषेत तिला कॅटाराइन म्हणतात.

या शाखेतील ऱ्हासाचा जनुकीय पुरावा २००३ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांतून पुढे आला. एक एमिली लिमन आणि हिदेकी इनान यांचा होता, तर दुसरा जियानझी झांग आणि डेव्हिड वेब यांचा. मानवात टीआरपीसी२ अकराव्या गुणसूत्रावर आजही आहे, मात्र ते छद्मजनुक झाले आहे. त्याच्या मजकुरात मधूनच विरामसंकेत आले आहेत, कुठे एखादे अक्षर गळाल्याने किंवा वाढल्याने पुढची सगळी वाचनचौकट सरकली आहे, आणि त्यापासून काम करणारे प्रथिन बनू शकत नाही. इतर कॅटाराइन प्राण्यांतही तशीच पडझड आहे. अमेरिकेतील माकडांत मात्र हेच जनुक शाबूत आहे आणि नैसर्गिक निवड त्याला जपत आल्याच्या खुणा त्यात स्पष्ट दिसतात.

या खुणा कशा ओळखतात, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. जनुकातील काही बदलांनी प्रथिनातील अमिनो आम्ल बदलते, तर काहींनी बदलत नाही. जनुक उपयोगाचे असेल तर पहिल्या प्रकारचे बहुतेक बदल हानिकारक ठरून गाळले जातात आणि दुसऱ्या प्रकारचे साठत राहतात. उपयोग संपला की हा भेद पुसला जातो आणि दोन्ही प्रकारचे बदल सारख्याच वेगाने साठू लागतात. हे प्रमाण वंशवृक्षाच्या कोणत्या फांदीवर बदलले ते पाहिले की निवडीचा पहारा साधारण कधी उठला याचा अंदाज बांधता येतो. त्या अभ्यासांतून सुमारे २.३ ते २.५ कोटी वर्षांपूर्वीचा काळ निघाला. कालमापनाची गृहीतके बदलली की असे आकडे मागेपुढे होतात, म्हणून मी स्वतः आकड्यापेक्षा क्रमावर अधिक विसंबतो. कपी आणि आफ्रिका-आशियातील माकडे परस्परांपासून वेगळी होण्यापूर्वीच, त्यांच्या सामायिक पूर्वजाच्या काळात हा पहारा सैल झाला होता, एवढे त्यातून निश्चित होते.

वाहिनीबरोबर ग्राहीही गेले. मानवात व्ही१आरच्या शंभराहून अधिक छद्मजनुकांमध्ये केवळ पाच शाबूत दिसणारी जनुके उरली आहेत, आणि व्ही२आरपैकी तर एकही नाही. शाबूत दिसणाऱ्या पाचांपैकी एक मुख्य घ्राणपटलात कार्यरत असल्याचे २००० साली आढळले होते, परंतु त्यावरून ते फेरोमोन ओळखते असा निष्कर्ष काढता येत नाही. २०१८ मध्ये व्ही१आर कुटुंबातील एक असा सदस्य वर्णिला गेला, जो सुमारे ४० कोटी वर्षे, म्हणजे प्राचीन माशांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत, जपला गेला आहे. तो जिथे जिथे मोडला आहे, तिथे जेकबसन इंद्रियही लोपलेले आढळते, आणि कॅटाराइन शाखा त्यांपैकीच एक आहे. वेगवेगळी जनुके एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा विश्वास वाढतो.

शरीररचनाही हेच सांगते. कॅटाराइन प्रौढांत साहाय्यक घ्राणकंद नाही. आफ्रिका-आशियातील माकडांत नळीसुद्धा उरत नाही. चिंपांझी आणि मानवात नाकाच्या पडद्यावर एक लहानशी नळी किंवा खळगा सापडतो खरा, पण प्रौढ माणसाच्या त्या नळीत मेंदूपर्यंत तंतू पोहोचलेल्या चेतापेशी आढळत नाहीत. या खळग्यावरून बराच गोंधळ झाला आहे. खळगा दिसला म्हणजे इंद्रिय आहे, असे गृहीत धरून कित्येक दावे केले गेले. मग इतक्या काळानंतरही तो का बनतो? याचे एक विचार करण्याजोगे कारण भ्रूणविकासात आहे. प्रजननसंस्थेचे नियंत्रण करणाऱ्या जीएनआरएच संप्रेरकाच्या चेतापेशी मेंदूत जन्मत नाहीत. त्या भ्रूणाच्या नाकाच्या भागात तयार होतात आणि तिथल्या चेतातंतूंच्या वाटेने मेंदूत स्थलांतर करतात. हा प्रवास १९८९ मध्ये उंदरांत दाखवला गेला. माणसात तो खंडित झाला तर कालमन लक्षणसमूह होतो, ज्यात वासाची जाणीव नसते आणि वयात येण्याची प्रक्रियाही आपोआप सुरू होत नाही. नाकाच्या या भागाच्या जडणघडणीचा आराखडा निवडीने पूर्णपणे पुसला नाही, यामागे हे दुसरे, अत्यावश्यक काम असावे, असे मला वाटते. मात्र हे माझे अनुमान आहे, सिद्ध झालेली बाब नाही.

आता मुख्य वादाकडे येतो. प्रचलित स्पष्टीकरण असे आहे की कॅटाराइन शाखेत एक्स गुणसूत्रावरील दृष्टिरंजकाच्या (डोळ्यात रंग टिपणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाची दुप्पट होऊन त्रिवर्णी दृष्टी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग ओळखण्याची क्षमता, आली. त्यामुळे चेहऱ्याची लाली, बबून माद्यांच्या पार्श्वभागाची सूज, मँड्रिल नराच्या नाकाचा भडक रंग असे दृश्य संकेत वाचता येऊ लागले, गंधसंकेतांची गरज उरली नाही, आणि जेकबसन इंद्रिय निकामी झाले. हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, आणि मी स्वतः ते अनेक वर्षे वर्गात सांगत असे. त्याविरुद्धचे पुरावे जसजसे पाहत गेलो, तसतसे मी ते सांगणे थांबवले.

सर्वांत मोठी अडचण मोजणीची आहे. आज कॅटाराइन शाखेत शेकडो जाती आहेत आणि त्या सर्वांत त्रिवर्णी दृष्टी आहे, तसेच त्या सर्वांत हे इंद्रिय निकामी आहे. वरवर पाहता हा शेकडो उदाहरणांचा पुरावा वाटतो. प्रत्यक्षात या सर्व जातींना दोन्ही गोष्टी एकाच पूर्वजाकडून वारशाने मिळाल्या आहेत. म्हणजे ही घटना एकदाच घडली. एकाच आजीचे नाक शंभर नातवंडांत उतरले म्हणून ते नाक शंभर वेळा घडले असे आपण म्हणत नाही. दोन बदल एकाच फांदीवर एकदा आढळले, तर त्यांत कार्यकारणभाव असेलही आणि नसेलही. त्या काळात त्याच फांदीवर शरीराचा आकार, आहार आणि समूहजीवन यांसारख्या इतरही अनेक गोष्टी बदलत होत्या, आणि त्यांपैकी कोणतीही एक कारण म्हणून पुढे करता येईल.

म्हणून त्याच प्रयोगाची निसर्गात अन्यत्र पुनरावृत्ती झाली आहे का, हे पाहावे लागते, आणि सुदैवाने ती झाली आहे. अमेरिकेतील बहुतेक माकडांत केवळ काही माद्यांनाच तीन रंग दिसतात, नरांना नाही. हाउलर माकडांत मात्र दृष्टिरंजकाच्या जनुकाची स्वतंत्रपणे दुप्पट झाली आहे आणि त्यांच्या नर-मादी दोघांनाही कॅटाराइनांप्रमाणेच तिन्ही रंग दिसतात. त्रिवर्णी दृष्टीने जेकबसन इंद्रिय बाद होत असेल, तर हाउलरांत टीआरपीसी२ मोडलेले किंवा निदान निवडीच्या पहाऱ्यातून सुटलेले दिसायला हवे होते. २००४ मध्ये वेब, कोर्टेस-ऑर्टिझ आणि झांग यांनी ते तपासले तेव्हा जनुक शाबूत आणि निवडीने जपलेले आढळले. पूर्ण त्रिवर्णी दृष्टी आणि फेरोमोन-संवेदना एकाच प्राण्यात नांदू शकतात, हे त्यातून दिसते. यावर आक्षेप घेता येतो की हाउलरांतील त्रिवर्णी दृष्टी तुलनेने नवी आहे आणि ऱ्हासाला पुरेसा काळ मिळालेला नाही. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पण त्याने मूळ स्पष्टीकरण सिद्ध होत नाही, ते केवळ खोडले जाण्यापासून वाचते.

उलट बाजूने पाहिले तर चित्र अधिक बोलके होते. बहुसंख्य वटवाघळांत टीआरपीसी२ मोडलेले आहे, आणि वटवाघळांना कॅटाराइनांसारखी त्रिवर्णी दृष्टी नाही. त्यांच्याबाबत कोणी म्हणेल की ध्वनीच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या संवेदनेने गंधाची जागा घेतली. परंतु स्वरयंत्रातून आवाज काढून प्रतिध्वनी न वापरणाऱ्या फळभक्षी वटवाघळांतही ते मोडलेलेच आहे, आणि प्रतिध्वनीत निष्णात असलेल्या पर्णनासिक वटवाघळांत ते टिकून आहे. देवमासे आणि डॉल्फिन यांनीही हे इंद्रिय गमावले, आणि त्यांची रंगदृष्टी तर आपल्यापेक्षा कितीतरी दुबळी आहे. कुत्र्याचे उदाहरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. ज्याच्या नाकाची आपण वाखाणणी करतो, त्या प्राण्यात व्ही१आरची शाबूत जनुके आठच्या आसपास आहेत आणि व्ही२आरचे एकही नाही. याउलट प्लॅटिपसमध्ये व्ही१आर सुमारे २७० आहेत. ग्राहींच्या संख्येवरून प्राण्याच्या जीवनातील गंधाचे महत्त्व थेट वाचता येत नाही, आणि एका इंद्रियाने दुसऱ्याला ढकलून बाहेर काढले हे रूपक प्राण्याप्राण्यांत फिरून पाहिले की टिकत नाही.

मुख्य घ्राणसंस्थेबद्दलही हाच वाद होऊन गेला आहे. मानवात सुमारे ४०० शाबूत गंधग्राही जनुके आहेत, तर उंदरात हजाराहून अधिक. २००४ मध्ये एका बहुचर्चित अभ्यासाने नरवानर गणातील या ऱ्हासाचा संबंध त्रिवर्णी दृष्टीशी जोडला. पुढे अधिक जीनोम उपलब्ध झाल्यावर, २०१० मध्ये, दुसऱ्या गटाने दाखवले की हा ऱ्हास त्रिवर्णी दृष्टी येण्याच्या सुमारास अचानक घडला नसून वेगवेगळ्या फांद्यांवर हळूहळू होत आला आहे. दृष्टी आणि गंध यांत काहीच संबंध नाही असे माझे म्हणणे नाही. संबंध असू शकतो. पण तो एकमेव किंवा मुख्य कारण म्हणून सांगण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही.

मग कारण काय? मला अधिक पटणारी मांडणी अशी आहे. जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचणारे बरेच रेणू हवेत फारसे उडत नाहीत. ते मूत्रात, लाळेत किंवा त्वचेच्या स्रावात असतात आणि नाक-तोंडाचा जवळजवळ स्पर्श झाला तरच टिपले जातात. दिवसा वावरणाऱ्या, मोठ्या देहाच्या, सतत एकमेकांच्या नजरेसमोर राहणाऱ्या आणि एकमेकांना वैयक्तिकरीत्या ओळखणाऱ्या प्राण्यांत ‘हा नर की मादी, आपला की परका, माजावर आहे की नाही’ ही माहिती चेहरा, आवाज, दृश्य खुणा, मुख्य नाक आणि जुन्या भेटींची आठवण अशा अनेक वाटांनी आधीच मिळते. अशा वेळी एका वाटेचा अधिकचा लाभ घटतो, आणि एवढ्या घटीनंतर टीआरपीसी२ मध्ये झालेला एखादा बिघाड गाळला न जाता समूहात पसरू शकतो. वाहिनी एकदा मोडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या ग्राहींवरचा पहारा एकदम उठतो, म्हणूनच शंभरावर ग्राही जनुकांची पडझड दिसते. या मांडणीत त्रिवर्णी दृष्टी अनेक घटकांपैकी एक ठरते.

दृश्य संकेतांचे ठळक उदाहरण म्हणून जो मँड्रिल पुढे केला जातो, त्याच्याच छातीवर गंधग्रंथी असते, आणि नर ती झाडांना घासून खुणा सोडतात. म्हणजे कॅटाराइन शाखेतही रासायनिक संवाद संपलेला नाही. तो मुख्य नाकाच्या वाटेने चालू आहे.

येथून तिसरा पदर उलगडतो. फेरोमोन ही संज्ञा पदार्थाच्या परिणामावरून ठरते, तो कोणत्या इंद्रियाने टिपला यावरून नाही. डुकराच्या नराच्या लाळेतील अँड्रोस्टेनोनमुळे माजावरची मादी समागमासाठी स्थिर उभी राहते, आणि तिचे जेकबसन इंद्रिय बंद केले तरी हा प्रतिसाद टिकतो, हे १९९७ मध्ये दिसून आले. सशाच्या दुधातील एका साध्या रेणूमुळे आंधळे पिल्लू स्तनाग्र शोधू लागते. तो रेणू २००३ मध्ये ओळखला गेला, आणि तोही मुख्य घ्राणसंस्थेकडूनच टिपला जातो. तेव्हा ‘जेकबसन इंद्रिय नाही, म्हणून माणसाला फेरोमोन असूच शकत नाही’ हा निष्कर्ष चूक आहे. आणि ‘नाकात खळगा आहे, म्हणून फेरोमोन आहेतच’ हाही तितकाच चूक.

प्रत्यक्ष पुरावा पाहिला तर मानवाचे एकही फेरोमोन आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. १९७१ मध्ये एकत्र राहणाऱ्या स्त्रियांच्या मासिक पाळ्या जुळत असल्याचे प्रसिद्ध झाले आणि ते सर्वांच्या तोंडी झाले, पण नंतरच्या काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत ते टिकले नाही. वेगवेगळ्या लांबीची चक्रे कधी जवळ येतात आणि कधी दूर जातात, आणि जवळ आलेली तेवढी लक्षात राहतात. अँड्रोस्टॅडायनोन आणि एस्ट्राटेट्रेनॉल हे दोन पदार्थ १९९० च्या दशकापासून ‘मानवी फेरोमोन’ म्हणून वापरले गेले, अत्तरांतही आले. प्राणिशास्त्रज्ञ ट्रिस्ट्रम वायट यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की हे दोन पदार्थ निवडण्यामागे मुळात कोणताही ठोस जैविक पुरावा नव्हता. त्यांचा परिणाम दाखवणारे अनेक अभ्यास थोड्या व्यक्तींवर झालेले आहेत. तेव्हा फेरोमोन असल्याचे सांगून विकल्या जाणाऱ्या अत्तरावर पैसे खर्च करू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

माणसात शोध घ्यायचाच असेल, तर माझ्या मते आशादायक जागा प्रौढांचे आकर्षण ही नाही. ती आहे आई आणि नवजात बाळ. स्तनाग्राभोवतालच्या वर्तुळातील ग्रंथींचा स्राव नाकाजवळ धरला असता तीन दिवसांची झोपलेली बाळे, दुसऱ्याच आईचा स्राव असला तरी, चोखण्याच्या हालचाली करतात आणि त्यांचा श्वास बदलतो, हे २००९ मध्ये नोंदवले गेले. येथे शिकण्याचा किंवा सांस्कृतिक अपेक्षेचा प्रभाव फार कमी असतो, प्रतिसाद मोजता येतो, आणि सशाच्या पिल्लांत तसेच काही घडत असल्याचे आपल्याला माहीत आहे. पुढचे काम बुटेनान्ट यांनी पतंगांबाबत केले तेच आहे. त्या स्रावातील नेमका रेणू वेगळा करायचा, तो प्रयोगशाळेत बनवायचा, आणि नैसर्गिक प्रमाणात दिल्यावर केवळ त्यानेच तो प्रतिसाद घडतो का, हे तपासायचे.